सेल्युलर जेलमध्ये सावरकर दोनच ओळी का?

नमस्कार काका, तुमची कमेंट दोनदा वाचली. पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम, पण तोंडात जुनंच बसलंय) पायी फेरीच्या पोस्टमध्ये मी सावरकरांना दोन ओळीत उरकलं आणि नेताजींच्या झेंड्याशेजारी जपान्यांचे अत्याचार आणून बसवले, असा तुमचा राग आहे.

आधी माझी चूक. हंफ्रीगंज (जपान्यांनी लोकांना गोळ्या घातल्या ती जागा) चालत होत नाही, गावाबाहेर आहे, रिक्षा करावी लागते. ते दुरुस्त केलंय, तुमच्या गुडघ्यांची माफी मागतो.

बाकीचं मात्र तसंच ठेवणार. फेरी मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५, म्हणजे अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं एवढ्याच काळाची आहे हो, सावरकरांना १९२१ लाच तिथून हलवलं होतं. आपण मराठी माणसं जेलमध्ये शिरलो की थेट त्यांच्या कोठडीकडे, मीपण तसाच गेलो, आईने तर चपला काढून उंबऱ्याला हात लावला, आणि मग बाकीच्या कोठड्या बघायच्या राहूनच जातात. तिथेच डॉ. दिवाण सिंग होते. पंजाबी कवी, इंडियन इंडिपेंडन्स लीगचं (जपान्यांच्याच पाठिंब्यावर चालणारी स्वातंत्र्याची संघटना) तिथलं काम बघणारा माणूस, तरी जपान्यांनी ब्रिटिशांचा हेर म्हणून धरला, ८२ दिवस हाल केले आणि १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. आता तारखा लावून बघा. नेताजींनी जिमखाना ग्राउंडवर झेंडा फडकवला ३० डिसेंबर १९४३ ला, म्हणजे तेव्हा दिवाण सिंग तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर कोठडीत होते! आणि बरोबर महिन्याने, ३० जानेवारीला, हंफ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या, तेही हेरगिरीच्याच संशयावरून. यात नेताजी कुठे लहान झाले? जपान्यांनी त्यांना हे दिसूच दिलं नाही असं म्हणतात, मलाही ते पटतं. पण आपल्याला तर माहितीये ना, मग ग्राउंडवर नुसता सेल्फी काढून कसं निघायचं?

आणि 'जपानी बंकरचे फोटो कशाला, काळं काँक्रीट नुसतं' म्हणालात. कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्यावरच्या एकात मी वाकून शिरलो होतो. आत ओल, लघवीचा वास, वेफर्सची पाकिटं, आणि समुद्राकडे एक आडवी फट, त्यातून जेटस्कीवर किंचाळणारी पोरं दिसत होती. पाच मिनिटं बसलो, मग मुलगी बाहेरून ओरडायला लागली.

सावरकरांवर वेगळी पोस्ट येतेय, कोलूसकट. तोवर पुन्हा गेलात तर दिवाण सिंगांच्या नावाचा गुरुद्वारा गावातच आहे, तिथे जाऊन या.