आकडीचे औषध, झेब्राफिश आणि एक घातक मेसेज

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास धाकट्या बहिणीचा साताऱ्याहून फोन आला. तिच्या आठ वर्षांच्या मुलीला आकडीचा त्रास आहे आणि तीन वर्षांपासून तिला व्हॅल्प्रोएट हे औषध चालू आहे. "ताई, आज रात्रीचा डोस मी अजून दिला नाहीये. हे औषध माशांवरून काढलंय म्हणे. खरं आहे का गं?" तिच्या नणंदेने पाठवलेला एक मेसेज तिने दुपारपासून चार वेळा वाचला होता. मी आधी तिला डोस द्यायला लावला आणि मग तो मेसेज मागवून घेतला. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण होतीच.

मेसेजचे म्हणणे थोडक्यात असे: शास्त्रज्ञ झेब्राफिश नावाच्या परदेशी माशाच्या मेंदूवर कोट्यवधी रुपये उधळतात, माशाला तीन सेकंदांपलीकडचे काही आठवत नाही, त्याच्या मेंदूचा माणसाच्या मेंदूशी काडीचाही संबंध नाही, आणि शेवटी, ठळक अक्षरांत, आकडीची सगळी औषधे या माशांवरून काढलेली आहेत, तेव्हा मुलांना ती देणे आजच बंद करा.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या वाक्यांनी फक्त गैरसमज पसरतो; या वाक्याने मूल दगावू शकते. आकडीचे औषध एकाएकी थांबवले तर आकड्या पूर्वीपेक्षा जोराने उलटू शकतात. एकामागून एक झटके येत राहतात, मूल मध्ये शुद्धीवर येत नाही. पाच मिनिटांहून अधिक काळ चाललेली आकडी ही तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ असते. औषध कमी करायचे असेल तर तेही डॉक्टर टप्प्याटप्प्याने, आठवडे किंवा महिने लावून कमी करतात. ज्याने कोणी 'आजच बंद करा' असे लिहिले, त्याने हे कुणाला विचारण्याचीही तसदी घेतलेली नाही, आणि त्याचा मला मनापासून संताप आहे.

आता त्या वाक्यातल्या दाव्याविषयी. व्हॅल्प्रोएटचा आकडीवरचा गुण फ्रान्समध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आला, तोही योगायोगाने. दुसरीच संयुगे तपासताना ती विरघळवण्यासाठी हा द्रव वापरला जात होता, आणि आकडी थांबते आहे ती त्या संयुगांमुळे नव्हे तर या द्रवामुळे, हे पिएर एमार यांच्या ध्यानात आले. झेब्राफिश प्रयोगशाळेत रुळला तो अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांच्या १९८१च्या शोधनिबंधानंतर. म्हणजे भाचीचे औषध या माशाच्या आधीपासून बाजारात आहे. फेनोबार्बिटोन तर १९१२पासून आकडीवर दिले जाते. 'सगळी औषधे माशांवरून' हे विधान साल पाहिले तरी कोसळते.

'काडीचाही संबंध नाही' या दाव्याला एकच शोधनिबंध पुरेसा आहे, आणि तो नेमका आकडीचाच आहे. ड्राव्हे सिंड्रोम हा लहान मुलांमधला आकडीचा अतिशय हट्टी प्रकार. त्यातल्या बहुतेक मुलांमध्ये मेंदूच्या पेशींतल्या एका सोडियम वाहिनीच्या (सोडियमला पेशीत शिरू देणाऱ्या दाराच्या) जनुकात बिघाड असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या केंद्रात स्कॉट बॅराबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जनुकाच्या माशातल्या जोडीदारात, म्हणजे त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकात, बिघाड असलेली पिल्ले घेतली. काही मिलिमीटर लांबीची ही पिल्ले. प्लास्टिकच्या तबकडीतल्या एकेका वाटीत एकेक पिल्लू आणि वर कॅमेरा. साधे पिल्लू थोडे पोहते, थांबते, पुन्हा पोहते. बिघाड असलेले पिल्लू मध्येच गरगर फिरते, वाटीभर सैरावैरा धावते, अंग ताठरून कलते. त्याला जेलीसारख्या अगारमध्ये स्थिर करून मेंदूत काचेचा बारीक इलेक्ट्रोड घातला की आकडीच्या विद्युत लहरी प्रत्यक्ष नोंदवता येतात.

मग त्यांनी ड्राव्हेच्या मुलांना दिले जाणारे उपचार या पिल्लांवर करून पाहिले. व्हॅल्प्रोएट, डायझेपाम, स्टिरिपेंटॉल, पोटॅशियम ब्रोमाइड आणि कीटोजेनिक आहार यांनी आकड्या कमी झाल्या. आकडीवरच्या इतर काही औषधांना मात्र पिल्लांनी दाद दिली नाही. या मुलांचे आईवडील जो अनुभव सांगतात तोच इथे दिसला. त्यानंतर ३२० संयुगे तपासली गेली आणि त्यांतून क्लेमिझोल हे अॅलर्जीवरचे जुने, विस्मरणात गेलेले औषध पुढे आले. हे सारे २०१३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. संबंध नसता तर मुलांना लागू पडणारी औषधे माशालाही लागू पडली नसती. त्याच वर्षी झेब्राफिशचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार आहे हे स्पष्ट झाले.

यात एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाइलाजाने का होईना. माशाला माणसासारखे थरांचे मेंदूबाह्यक, म्हणजे मोठ्या मेंदूचे बाहेरचे आवरण, नसते. भाषा किंवा वर्षभरापुढचा बेत या गोष्टी त्याच्यात शोधून सापडणार नाहीत, आणि माशात चाललेले औषध माणसात चालेलच असेही नाही. म्हणूनच क्लेमिझोल थेट औषधाच्या दुकानात गेले नाही. ड्राव्हेच्या रुग्णांसाठी त्याच्या माणसांवरच्या रीतसर चाचण्या हाती घ्याव्या लागल्या. मासा हजारो शक्यतांतून पुढे तपासण्याजोग्या दोन-चार वेगळ्या काढून देतो. हे काम तो फार चांगले करतो.

आणि ते का, हेही मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते. अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात, पिल्लू पारदर्शक असते, पाचव्या दिवशी ते पोहून भक्ष्य टिपू लागते, आणि त्या वयात त्याच्या मेंदूत साधारण एक लाख चेतापेशी असतात. माणसात त्या सुमारे ८६ अब्ज. पेशी कार्यरत झाली की उजळणारे प्रथिन त्या पिल्लात घातले, की कवटी न उघडता जिवंत मेंदू काम करताना बघता येतो. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स आणि फिलिप केलर यांनी २०१३ साली या मेंदूतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चेतापेशींचे काम सुमारे सव्वा सेकंदाला एक चित्र या वेगाने टिपले. दुसऱ्या कुठल्या कण्याच्या प्राण्यात तोवर हे जमलेले नव्हते.

आरेन्स यांच्याच गटाने २०१९ साली जे दाखवले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. पिल्लाला जागच्या जागी स्थिर करून भोवती चित्र फिरवले. ते पोहायचा प्रयत्न करते, पण चित्र त्याच्या पोहण्याला प्रतिसाद देत नाही, जणू कितीही हातपाय मारले तरी ते जागचे हलत नाही. आधी ते अधिक जोर लावते, मग प्रयत्न सोडून देते, काही वेळाने पुन्हा सुरू करते. हार मानण्याची ही वेळ कोण ठरवते, हे शोधताना चेतापेशींच्या केवळ आधाराला असतात असे दीर्घकाळ मानल्या गेलेल्या ग्लिया पेशी सापडल्या. फसलेल्या प्रयत्नांची नोंद त्यांच्यात साचत जाते आणि मग त्या पोहणे थांबवतात. त्यांचे काम बंद पाडले की पिल्लू हार मानत नाही. खचून हातपाय गाळणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत काय घडत असेल, हे विचारायला निदान एक जागा यातून मिळाली.

तीन सेकंदांच्या स्मृतीवर फार शब्द खर्च करत नाही. विशिष्ट प्रकाश म्हणजे सौम्य झटका, हे झेब्राफिश शिकतो आणि दुसऱ्या दिवशीही टाळतो. घरी मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारावे, खाणे देणारा माणूस टाकीजवळ आला की ते वर का येतात.

राहिला परदेशी माशाचा मुद्दा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांचे जे वर्णन केले, त्यात हा मासा आहे. तो आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वत्सला तिरुमलै यांचा गट याच्या पिल्लांच्या लहान मेंदूतल्या (मेंदूच्या मागच्या भागातल्या) पुर्किंजे नावाच्या चेतापेशींचा अभ्यास करतो, तोल आणि हालचाल कशी साधली जाते हे समजून घेण्यासाठी.

बहिणीला मी हे सगळे फोनवर सांगितले, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी तिच्याकडून कागदावर लिहून घेतल्या: एखादा डोस चुकला तर काय करायचे, आकडी पाच मिनिटांपुढे गेली तर घरात कोणते औषध ठेवायचे, आणि औषध कधीतरी बंद होणार असेल तर ते कसे. तो कागद आता तिच्या फ्रिजवर लावलेला आहे आणि नणंदेलाही तिने त्याचा फोटो पाठवला आहे.