अजिंक्यतारा चढताना वाढणाऱ्या बीपीबद्दल खुलासा
‘अजिंक्यतारा चढताना बीपी 140 च्या वर गेलं तर गोळी वाढवा’ असा मेसेज साताऱ्यातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

चढताना हृदय जास्त रक्त ढकलतं. वरचा आकडा 160 ते 200 पर्यंत जाणं स्वाभाविक, खालचा फारसा हलत नाही. ट्रेडमिलच्या स्ट्रेस टेस्टमध्ये टप्प्याटप्प्याने चढ वाढवत, दंडाला पट्टा बांधून हेच पाहतात. 140 ची मर्यादा 5 मिनिटं शांत बसून मोजलेल्या बीपीची. शिवाय घरचं मशीन पट्ट्यातली बारीक कंपनं टिपतं, हात हलला की आकडा भरवशाचा नाही.

छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र थांबा, डॉक्टर गाठा. पण मनाने गोळी वाढवू नका, कळकळीने सांगतोय. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.