‘एक वाटी’ म्हणजे किती ग्रॅम, हे आधी सांगा

भाऊबीजेच्या सकाळी साडेदहा वाजता माझ्या कढईत गुलाबजाम नव्हते, तुपावर पसरलेला तपकिरी चुरा होता. पहिले आठ गोळे मी एकदम सोडले. दोन तळाशी बसले, तिसऱ्याला केसाएवढी भेग पडली, त्या भेगेतून फेस येऊ लागला आणि बघता बघता एकेक गोळा फुटून त्याचे कण बुंदीसारखे वर तरंगू लागले. झाऱ्याने उचलायला गेले तर अर्धे कण भोकांतून पुन्हा कढईत पडले. बारा वाजता दादा आणि वहिनी येणार होते. दादाला श्रीखंड नको असते, बासुंदी नको असते. लहानपणापासून त्याला ओवाळून झाल्यावर गुलाबजामच लागतात. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, खवा आणला असतास तर एवढा त्रास झाला नसता.” त्या बोलल्या ते मायेने, पण मला त्या क्षणी रडू आले, आणि त्यानंतर जो राग आला तो अजून गेलेला नाही.

हा राग माझ्या हातावर नाही. मी वीस वर्षे स्वयंपाक करते आहे. अनारसे जाळीदार करते, चकली न मोडता पाडते. हा राग आहे तो ‘बाजारच्या पाकिटासारखे मिक्स घरच्या घरी’ अशा मथळ्याखाली जी अर्धवट कृती हजारो बायकांच्या हाती ठेवली जाते तिच्यावर. चार वस्तू, पाच मिनिटे, सहा महिने टिकते, पाकिटापेक्षा स्वस्त आणि कधीही न फसणारे, असे छातीठोकपणे सांगायचे, आणि प्रमाण मात्र द्यायचे ते असे: एक वाटी मिल्क पावडर, अर्धी वाटी मैदा, चिमूटभर सोडा, तूप अंदाजाने आणि लागेल तसे दूध. याला कृती म्हणत नाहीत. भाजी-आमटीला अंदाज चालतो, कारण मीठ कमी पडले तर वरून घालता येते. गुलाबजामचा गोळा एकदा तुपात सोडला की दुरुस्तीची वेळ संपलेली असते.

वाटी म्हणजे किती? माझ्याच घरात तीन मापांच्या वाट्या आहेत. कप म्हणावा तर एका संचातला कप 240 मिलीलीटरचा असतो आणि दुसऱ्यातला 250 चा. तेही सोडून देऊ. भाऊबीज झाल्यावर मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि एकाच कपाने मैदा दोनदा मोजला. चमच्याने हलका भरून मोजला तेव्हा 118 ग्रॅम भरला. डब्यात कप बुडवून, ओट्यावर आपटून सपाट केला तेव्हा 146 ग्रॅम. म्हणजे कप तोच, मैदा तोच, आणि फरक 28 ग्रॅमचा. ज्या मिश्रणात मैद्याचे कामच मुळी गोळा जेमतेम बांधून धरण्याचे आहे, तिथे एवढा फरक म्हणजे एकीचे गुलाबजाम विरघळणार आणि दुसरीचे दगड होणार. दोघींनी कृती अक्षरशः पाळलेली असेल, आणि दोघींना ऐकून घ्यावे लागेल की तुमचा हात चुकला.

मिल्क पावडरचा घोळ तर याहून मोठा आहे, आणि त्याबद्दल कुणीही एक शब्द बोलत नाही. दुकानात जाऊन मिल्क पावडर मागितली की दुकानदार बहुतेक वेळा डेअरी व्हाइटनरचे पाकीट पुढे करतो, कारण चहासाठी तेच खपते. डेअरी व्हाइटनरमध्ये साखर घातलेली असते आणि ती 18 टक्क्यांपर्यंत असू शकते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ते छापलेलेही असते. ही साखर पीठ भिजवताना विरघळते, पीठ हाताला चिकटते, म्हणून आपण आणखी मैदा घालतो, आणि तळताना गोळा बाहेरून काळपट होतो पण आतून कच्चा राहतो. बरे, साखर नसलेली पावडर मिळाली तरी ती सायीच्या दुधाची की साय काढलेल्या दुधाची, हा प्रश्न उरतोच. सायीच्या दुधाच्या पावडरीत किमान 26 टक्के स्निग्धांश असतो, साय काढलेल्या पावडरीत जास्तीत जास्त दीड टक्का. एकीत मोहन कमी लागणार, दुसरीत जास्त लागणार, हे सांगायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. तरीही सगळीकडे लिहिलेले असते ते फक्त ‘मिल्क पावडर’.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिने हीच कृती तिथे केली आणि रात्री मला फोन करून विचारले, “ताई, माझं पीठ भाकरीच्या पिठासारखं का झालं गं?” तिच्याकडची पावडर साय काढलेल्या दुधाची, पाण्यात पटकन विरघळावी म्हणून फुलवलेली, हलक्या दाण्यांची होती. अशी पावडर एका कपात 70 ग्रॅमच्याही आत बसते. साधी, बारीक पावडर त्याच कपात 120 ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे तिने एक कप भरून घेतली तेव्हा तिच्या परातीत दुधाची पावडर जवळजवळ निम्मी होती आणि मैदा मात्र पूर्ण. बिचारी गणेशोत्सवासाठी मंडळातल्या चाळीस माणसांचे गोड करत होती. तिलाही कुणीतरी सांगितलेच, की परदेशातल्या पाण्याचा फरक पडतो.

सोड्याची तऱ्हा तर चीड आणणारी आहे. ‘खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर, जे घरात असेल ते चिमूटभर’ हे वाक्य मी किमान दहा ठिकाणी वाचले आहे. हे दोन पदार्थ एक नाहीत. बेकिंग पावडरमध्ये सोडा असतो, त्याच्याबरोबर आम्ल असते आणि ओल शोषून घेण्यासाठी स्टार्च असतो. नुसता सोडा तिच्यापेक्षा तिप्पट-चौपट तीव्र असतो, आणि त्याचे काम नीट व्हायचे तर पिठात दही किंवा लिंबाचा रस असावा लागतो. कोरड्या मिश्रणात नुसता सोडा घातला आणि भिजवताना दह्याचा उल्लेखही केला नाही, तर गुलाबजामला साबणासारखी चव येते, रंग गडद होतो, आणि सोडा चुकून जास्त झाला असेल तर गोळा आतून इतका फुगतो की तुपातच फुटतो. माझी चिमूट तीन बोटांची असते, माझ्या जावेची दोन बोटांची. दीड-पावणेदोनशे ग्रॅम मिश्रणात अर्ध्या ग्रॅमनेही फरक पडतो, तिथे चिमूट हे माप देणे निव्वळ बेजबाबदारपणाचे आहे.

आणि मग ते मोहन. पाकिटातल्या पिठात स्निग्ध पदार्थ आधीच सगळीकडे सारखा मिसळलेला असतो. पाकिटाच्या यशात त्याचा मोठा वाटा आहे. घरी तेच साधायचे तर पातळ केलेले तूप कोरड्या पिठाला दोन्ही तळहातांनी चोळून चोळून लावावे लागते, मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोकरल्यावर तो फुटला पाहिजे, आणि मग सगळे एकदा चाळणीतून काढावे लागते. याला पाच मिनिटे लागत नाहीत, पंचवीस लागतात. व्हिडिओत काय दिसते? तूप वरून ओतले, चमच्याने दोनदा हलवले, बरणीत भरले, झाकण लावले. तुपाची आणि सोड्याची गुठळी ज्या गोळ्यात जाईल तो गोळा तिथेच भेगलणार. माझ्या कढईत नेमके तेच झाले. उरलेले पीठ मी नंतर चाळून पाहिले तेव्हा चाळणीवर वाटाण्याएवढ्या पिवळसर गुठळ्या राहिल्या होत्या.

भिजवण्याबद्दलही तीच उदासीनता आहे. दुधाची पावडर दूध सावकाश पिते. सुरुवातीला पीठ पातळ, चिकट वाटते. ते न मळता, नुसते गोळा करून दहा मिनिटे झाकून ठेवले की आपोआप आळते. हे न सांगितल्यामुळे बायका घाबरून कोरडे पीठ वाढवतात, किंवा कणकेसारखे जोर लावून मळतात, आणि मैदा मळला की चिवट होणारच. पाकिटावर निदान दूध किंवा पाणी किती मिलीलीटर ते छापलेले असते, किती वेळ ठेवायचे ते असते, आच मंद असावी हे असते. घरच्या कृतीत फक्त ‘मऊसूत मळून घ्या’.

स्वस्त पडते हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यावर विश्वास ठेवून हाताशी पैसे कमी असलेली बाईच हा खटाटोप करायला जाते. अन्नपदार्थाच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. गुलाबजामच्या पाकिटांवर पाहा: बऱ्याच पाकिटांत पहिला घटक मैदा असतो आणि दुधाची पावडर त्याच्या नंतर येते. घरच्या कृतीत मात्र पावडर मैद्याच्या दुप्पट, आणि वनस्पती तेलाऐवजी साजूक तूप. महाग वस्तू जास्त आणि स्वस्त वस्तू कमी घातल्यावर ते पाकिटापेक्षा स्वस्त कसे पडेल? चव चांगली लागेल, हे खरे आहे आणि म्हणूनच मी ते करू पाहते. पण मग चांगली चव लागते एवढेच सांगा, खोटा हिशेब कशाला मांडता? भाऊबीजेला माझी पाव किलो पावडर, वाटीभर तूप आणि कढईतले सगळे तळण फुकट गेले. तेवढ्या पैशांत तयार पाकिटे दोन-तीन आली असती.

सहा महिने टिकण्याची गोष्टही तशीच. आमच्या ठाण्यात जुलैमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटते. दुधाची पावडर हवेतली ओल ओढून घेते, तिचे खडे होतात. ओल लागलेल्या बेकिंग पावडरचा जोर जातो. आणि तूप चोळलेले पीठ बाहेर राहिले की महिन्या-दीड महिन्यात खवट वास येऊ लागतो. कारखान्यातले पाकीट हवाबंद असते आणि एकदा फोडले की एका वेळी संपते. आपण बरणी दहा वेळा उघडतो. हा फरक ज्याला सांगावासा वाटत नाही, त्याने ती बरणी महिनाभरही स्वतःच्या घरात ठेवून पाहिलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कस्टर्ड पावडरचे घरगुती रूप सांगणारेही याच पंथातले. मूळ वस्तू म्हणजे मक्याचे स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास. ती घरी करणे खरोखर सोपे आहे. पण तिथेही कोरड्या कॉर्नफ्लोरमध्ये पातळ इसेन्स ओतायला सांगतात, म्हणजे लगेच गुठळ्या. आणि रंगासाठी हळद घालायला सांगतात, जिचा वास दुधात लपत नाही. खरवसाच्या मिक्सबद्दल तर बोलायलाच नको. खरवस होतो तो चिकातल्या प्रथिनांमुळे, व्यायलेल्या गाई-म्हशीच्या पहिल्या दिवसांतल्या दुधामुळे. दुधाची पावडर आणि कॉर्नफ्लोर वाफवून जे तयार होते ते कॉर्नफ्लोरचे पुडिंग आहे. ते खावे, पण त्याला खरवस म्हणून कोकणातल्या माणसाच्या पानात वाढू नये.

त्या दिवशी दादा आला, वहिनी आली, ओवाळणी झाली. कोपऱ्यावरून आणलेले श्रीखंड दादाने मुकाट्याने खाल्ले आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “पुढच्या वेळी बघू गं.” त्यानंतर तीन आठवडे मी दर रविवारी छोट्या प्रमाणात, प्रत्येक वस्तू काट्यावर तोलून हे मिश्रण केले. पाचव्या घाण्याला जमले. सायीच्या दुधाची, बिनसाखरेची पावडर 100 ग्रॅम, मैदा 40 ग्रॅम, साजूक तूप 15 ग्रॅम, बेकिंग पावडर चहाचा सपाट पाव चमचा. तूप चोळून, दोनदा चाळून घ्यायचे. भिजवायला कोमट दूध 55 ते 60 मिलीलीटर, तेही चमच्या-चमच्याने. दहा मिनिटे झाकून ठेवायचे. हाताला तूप लावून एकही भेग न ठेवता गोळे वळायचे. आणि आच इतकी मंद, की गोळा तळाशी जाऊन सावकाश वर यावा. पाक एकतारी नको, बोटांना चिकटेल इतकाच, आणि गरम असावा पण उकळता नसावा.

हे सगळे लिहायला मला सहा-सात ओळी लागल्या. ज्यांच्या कृतीवरून मी केले होते त्यांना मी ही वजने नम्रपणे कळवली आणि विनंती केली, की वाटीबरोबर ग्रॅमही द्यावेत, आणि डेअरी व्हाइटनर चालत नाही एवढे तरी लिहावे. उत्तर आले, की प्रेमाने केले की जमतेच, हाताला सवय व्हायला हवी. ती कृती आजही जशीच्या तशी आहे: एक वाटी, अर्धी वाटी, चिमूटभर, आणि लागेल तसे दूध.