‘पिक अप’ आणि ‘उचलणे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजीतल्या ‘पिक अप’ या जोडक्रियापदावरच्या (क्रियापदाला ‘अप’, ‘ऑन’ असा छोटा शब्द जोडून झालेलं क्रियापद) माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. बारा अर्थांची यादी देणं म्हणजे घोकंपट्टी. मूळ अर्थ ‘उचलणे’ एवढा सांगितला की बाकीचे आपोआप कळतात. आणि औपचारिक इंग्रजीत असली क्रियापदं चालत नाहीत, मग त्यांच्यामागे लागायचं कशाला?

पहिला आक्षेप मान्य. बारा अर्थ एकाखाली एक मांडले, पण रोज लागणारा कुठला आणि क्वचित भेटणारा कुठला, हे सांगायचं राहिलं. ती चूक माझी.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. मराठीत आपण पिशवी उचलतो, फोन उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात, मूल आजूबाजूची भाषा उचलतं. चारही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ बसतं. मंदावलेला धंदा उचल खातो, तिथेही तेच. दोन भाषा इतक्या जवळ येतात म्हणूनच घोळ होतो. वाचताना ‘उचलणे’ पुरतं, पण स्वतः वाक्य करायला घेतलं की ते दगा देतं. कारण अर्थ बदलला की वाक्याची ठेवणही बदलते, आणि ती मूळ अर्थात कुठेच दिसत नाही.

एकच उदाहरण घ्या. ‘द विंड पिक्ड अप’ म्हणजे वाऱ्याने जोर धरला. इथे क्रियापद अकर्मक आहे. ‘द विंड वॉज पिक्ड अप बाय द मायक्रोफोन’ म्हणजे वाऱ्याचा आवाज माइकने टिपला. इथे ते सकर्मक आहे, म्हणून कर्मणी प्रयोग चालला. धंदा, विक्री, वारा, वेग यांच्या बाबतीत ‘वाढणे, सुधारणे’ हा अर्थ हवा असेल तर ‘वॉज’ घालू नये.

दुसरी ठेच लागते सर्वनामापाशी. ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’ दोन्ही बरोबर. पण पार्सलच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चूक. उलट कर्म लांबलचक असेल, समजा ‘काल आलेलं आणि दाराशी ठेवलेलं पार्सल’ एवढं, तर ते शेवटी ठेवावं. मध्ये कोंबलं की ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. पण हा नियम सगळ्या जोडक्रियापदांना लावायचा नाही. ‘लुक आफ्टर’मध्ये सर्वनाम शेवटीच येतं: ‘लुक आफ्टर हर’. आणि ‘पिक अप’ला पुढे ‘ऑन’ जोडलं, म्हणजे सूचक गोष्ट हेरणे या अर्थी, तर तुकडे फोडताच येत नाहीत: ‘शी पिक्ड अप ऑन इट’.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त दिसते आणि ती थेट ‘उचलणे’मधून येते. मराठीत शब्द एकच, म्हणून ‘अप’ गळतं. ‘आय विल पिक यू ॲट सिक्स’ याचा सरळ अर्थ ‘सहा वाजता मी तुझी निवड करीन’. नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणे किंवा खुडणे. तसंच ‘ही डिड नॉट पिक माय कॉल’. त्याऐवजी ‘ही डिड नॉट पिक अप’ म्हणा. फोनच्या बाबतीत कर्म गाळलं तरी चालतं. ‘कॉल’ हा शब्द हवाच असेल तर ‘ॲन्सर’ वापरा.

अर्थाच्या हद्दीही मूळ शब्दावरून कळत नाहीत. सर्दी ‘पिक अप’ होते, पोटाचा किरकोळ संसर्ग होतो, पण मधुमेहाला हे क्रियापद लागत नाही. बाहेरून, जाता-जाता लागण झालेलं दुखणं असावं लागतं. भाषेचंही तसंच. ऐकून-ऐकून अंगवळणी पडली तर ‘पिक्ड अप’. रीतसर वर्गाला बसून व्याकरण गिरवलं असेल तर ‘लर्न्ड’ किंवा ‘स्टडीड’ बरं. अनोळखी व्यक्तीशी सलगी करून तिला सोबत नेणे असाही एक अर्थ आहे. म्हणून ‘आय पिक्ड हर अप ॲट अ पार्टी’ लिहिण्याआधी दोनदा विचार करा. गाडीतून सोडलं एवढंच सांगायचं असेल तर ‘आय गेव्ह हर अ लिफ्ट’ सुरक्षित.

औपचारिकतेचा मुद्दा मात्र मला पटत नाही. ‘इन्फ्लेशन पिक्ड अप’ अशी वाक्यं मध्यवर्ती बँकांच्या अहवालांत सर्रास असतात. विनंतीपत्रात ‘कलेक्ट’, तांत्रिक अहवालात ‘डिटेक्ट’, थांबलेलं काम पुढे नेताना ‘रिझ्यूम’ हे शब्द जास्त शोभतात, हे खरं. पण बघा, प्रत्येक अर्थाला पर्याय वेगळा. म्हणजे टाळायचं असेल तरी आधी अर्थ ओळखावाच लागतो! इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत क्रियापदाला असे शब्द जोडण्याची ही रीत परकीयांना सर्वांत जड जाते, असं म्हटलं होतं. त्यामुळे अडखळलो तर लाजायचं कारण नाही.

उच्चाराबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण लेखात ते राहून गेलं होतं. क्रियापद असताना जोर ‘अप’वर, नाम असताना ‘पिक’वर. ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणताना आपण वापरतो ते नाम, आणि इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची कंपनं टिपणारं चुंबक-वेटोळ्याचं ‘पिकअप’ही नामच. नाम बहुधा जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात, क्रियापद नेहमी सुटं. बोलण्याच्या ओघात ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ असं ऐकू येतं. पुष्कळांना ते ऐकताना कळत नाही ते यामुळेच.

मूळ लेखातली यादी आता बदलली आहे. अर्थाशेजारी मराठी प्रतिशब्दाऐवजी पूर्ण वाक्य दिलंय, कर्म लागतं की नाही ते लिहिलंय, आणि कर्म लागतं तिथे ‘इट’ किंवा ‘हिम’ घालून तेच वाक्य पुन्हा दिलंय. ‘पिक अप स्पीड’ला मात्र अपवादाची खूण आहे, कारण ‘पिक स्पीड अप’ असं कोणी म्हणत नाही. वहीत उतरवताना हीच पद्धत ठेवा. सुरुवातीला चारच अर्थ पुरे: कोणाला घ्यायला जाणे, फोन घेणे, ऐकून शिकणे, सुधारणे. उरलेले आठ वाचनात भेटतील तेव्हा जोडा.