‘५७ डेल’ वेदना मोजल्या कुणी?

मातृदिन आला की हा मेसेज हमखास फिरतो: ‘माणूस जास्तीत जास्त ४५ डेल वेदना सहन करू शकतो. बाळंतपणात आई ५७ डेल सहन करते. एकाच वेळी वीस हाडं मोडावीत, तशी ही वेदना.’ पाठवणाऱ्यांच्या मनात आईबद्दल आदरच असतो. पण मजकूर खोटा आहे आणि त्याचा जाच शेवटी बायकांनाच होतो.

पहिलं म्हणजे ‘डेल’ नावाचं एकक वैद्यकशास्त्रात नाही. ‘डोल’ मात्र एकेकाळी होतं. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हार्डी, वुल्फ आणि गुडेल यांनी लोकांच्या कपाळावर उष्णतेचा झोत टाकून वेदनेची पट्टी बनवली. ती साडेदहा डोलला संपायची. दोन कळांच्या मध्ये बाळंतिणींच्या हाताला चटके देऊन ‘कळ एवढी होती का?’ असंही विचारून पाहिलं गेलं! इतरांच्या हाती तसे भरवशाचे आकडे लागेनात, आणि डोल मागे पडला.

आणि कमाल मर्यादाच ४५ असेल, तर ५७ सहन कसे होतात?

वीस हाडांचं म्हणाल, तर दोन्ही दुखण्यांची जातच वेगळी. हाड मोडलं की त्यावरच्या आवरणातल्या नसा एकदम पेटतात आणि जरा हललं तरी जीव जातो. कळ चढते, ओसरते, मध्ये श्वास घ्यायला उसंत देते. गर्भाशयाकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत जिथे शिरतात, तिथेच कंबरेच्या त्वचेच्या नसाही येतात. म्हणून आकुंचन पावतं गर्भाशय आणि फुटते कंबर.

खरी चूक याहून खोल आहे. वेदना ही काही लिटरने मोजून शरीरात ओतलेली वस्तू नव्हे. नसा फक्त इशारा पाठवतात. तो किती पुढे जाऊ द्यायचा हे मज्जारज्जूत आणि मेंदूत ठरतं. वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये याला दरवाज्याची उपमा दिली. माझ्या बहिणीला कळा येत होत्या तेव्हा मावशी तिच्या माकडहाडाच्या वर तळहाताने जोर देऊन चोळत बसली होती. हात थांबला की बहीण ओरडायची, ‘मावशी, सोडू नकोस!’ स्पर्शाचे संदेश दुखण्याची वाट अडवतात ते असे. भीती आणि जागरणाने तीच कळ जास्त दुखते.

म्हणून डॉक्टर रुग्णालाच विचारतात, शून्य ते दहामध्ये किती? कसं दुखतं? १९७५ मध्ये मेल्झॅक यांनी तर दुखण्याच्या शब्दांचीच प्रश्नावली केली. आपल्याकडे शब्दांना काय तोटा: ठणकतं, ठसठसतं, चमक मारते, भगभगतं. याच प्रश्नावलीवर बाळंतिणींची उत्तरं घेतली तेव्हा काहींना सौम्य, तर काहींना असह्य वेदना झाल्याचं दिसलं. सगळ्यांना एकच आकडा लावणार कसा?

बहिणीचं अखेर सिझर झालं. भेटायला आलेल्या एका काकू म्हणाल्या, ‘तुला कुठे ५७ डेल कळले!’ त्यानंतर दोन दिवस टाके ठणकत असताना ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी नर्सने आकडा विचारला. ती हळूच म्हणाली, ‘आठ.’ औषध मिळालं, आणि बाळाला पहिल्यांदा तिने न कण्हता कुशीत घेतलं.