आजोबांची कंबर आणि ग्रुपवर फिरणारा मेसेज

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या सुपरवायझरांचा ग्रुप, गल्लीच्या मंडळाचा, खानापूरकडच्या पाहुण्यांचा आणि शाळासोबत्यांचा. मजकूर असा:

‘विद्यापीठवाल्यांनी अर्गोनॉमिक्स नावाचं खूळ काढलंय. आमचे आजोबा जमिनीवर बसून, वाकून कामं करायचे. त्यांना खुर्ची नव्हती आणि कंबरदुखीही नव्हती. हा सगळा खुर्च्या खपवायचा धंदा, एसीत बसणाऱ्यांचे चोचले. अंगाला सवय झाली की दुखणं पळतं. कामगाराला आराम दिला की माल घटतो. टेन्शन मालकाला असतं, कामगाराला कसलं? कंबरपट्टा बांधा, ताठ राहा, कामाला लागा.’

मी पंचवीस वर्षं बेळगावच्या फौंड्र्यांत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांत, काढली. पहिली सात फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल तोडून-घासून साफ करायला, पुढं सुपरवायझर म्हणून. हा मेसेज पुढं पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत आणि त्यातल्या दोघांच्या कमरेचा एमआरआय मी हातात धरून बघितलेला आहे. म्हणून गप्प बसवत नाही. अर्गोनॉमिक्स म्हणजे कामाची जागा, हत्यारं आणि काम माणसाच्या अंगाला बसेल असं करायचं शास्त्र, एवढंच.

आधी आजोबांचं बघू. त्यांना कंबरदुखी नव्हती म्हणता, मग ‘उसण भरली’ हे आपल्या बोलण्यात आलं कुठून? गावात पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, कोण आहे हे प्रत्येक घराला ठाऊक असायचं, कारण उसण भरली की त्याचा पाय कमरेला लावून घ्यायला लोक जायचे. दुखणंच नसतं तर हा उपाय कुणी शोधला असता? माझी आजी खानापूर तालुक्यातली. उभा जन्म पावसाळ्यात चिखलात उभी राहून भाताची रोपं लावली. शेवटची दहा वर्षं ती कोयत्यासारखी वाकून चालायची. समोरच्याचं तोंड बघायचं तर मान तिरकी करून वर बघावं लागायचं. आम्ही पोरं त्याला म्हातारपण म्हणायचो. आता कळतं, ते कामानं दिलेलं होतं. आणि ज्यांची कंबर ऐन चाळिशीत गेली ते गुरं राखायला गेले, ओसरीवर बसून राहिले. आपल्या आठवणीत राहिले ते टिकून राहिलेले आजोबा.

विद्यापीठांनी हे आत्ता काढलं असंही नाही. इटलीत मोडेनाला वैद्यक शिकवणाऱ्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला. दिवसभर बसणारे, दिवसभर उभे राहणारे, लिहिणारे, विणणारे, सगळ्यांची दुखणी त्यात वेगवेगळी मांडली आहेत. रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, असं त्यांनी वैद्यांना सांगितलं: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. माझ्या सात वर्षांच्या फेटलिंगच्या काळात तीन डॉक्टरांनी माझी कंबर तपासली, त्यातल्या एकानंही हा प्रश्न विचारला नाही. ‘अर्गोनॉमिक्स’ हा शब्दही १८५७ सालचा. पोलंडमधल्या वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी ग्रीकमधले ‘काम’ आणि ‘नियम’ हे दोन शब्द जोडून तो केला.

शब्द परका आहे, अक्कल परकी नाही. डोक्यावर घागर ठेवायच्या आधी बाई चुंबळ ठेवते, म्हणजे भार एका जागी टोचत नाही. कावडीत दोन्ही बाजूला वजन सारखं. जात्यावर दोघी बसायच्या, म्हणजे एकीच्या खांद्यावर सगळं येत नाही. बेळगावच्या वडगावात विणकरांचा जुना खड्डामाग ज्यांनी बघितलाय त्यांना आठवेल: विणकर जमिनीवर बसलेला दिसायचा, पण पाय खाली खड्ड्यात पावडीवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्टीवर, सोडलेले असायचे. गुडघे मुडपायला लागायचे नाहीत, धोटा हाताच्या टप्प्यात. आजोबांचं नाव घ्यायचंच असेल तर या खड्ड्यासाठी घ्यावं. माणसाच्या मापाची जागा त्यांनी जमीन खणून केली होती.

आता खुर्च्यांचा धंदा आणि एसीवाल्यांचे चोचले. महागडी खुर्ची घेतली की पाठ बरी होते अशी जाहिरात कुणी करत असेल तर ती खोटीच आहे, एवढं मी मान्य करतो. पण ज्यांना या शास्त्राची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनी एसी बघितलेला नाही. निपाणीत विड्या वळणारी बाई बघा. मेसेजमधल्यासारखी जमिनीवरच बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, मान खाली, दोन्ही हातांची बोटं न थांबता चाललेली. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून उठायला जीव होत नाही. तिची मान, खांदे, कंबर दुखत नाही असं तिच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही.

फौंड्रीतलं सांगतो, कारण ते मी अंगावर काढलंय. फेटलिंग म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगला चिकटून राहिलेले धातूचे जादा तुकडे, रनर-रायझर, तोडायचे आणि कडा ग्राइंडरनं घासायच्या. मी लागलो तेव्हा कास्टिंग जमिनीवर पडलेलं असायचं. एक पाय त्यावर दाबून, कमरेत वाकून, हातात ग्राइंडर, आठ तास. पुढं दुसऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर झाल्यावर मी मालकांकडं स्टँड मागितला. ‘खर्च कशाला, सगळीकडं असंच चालतं,’ हे उत्तर मिळालं. मग भंगारातले अँगल घेऊन आमच्या वेल्डरनं अर्ध्या शिफ्टमध्ये चार पायांचा घोडा करून दिला, वर पट्ट्याच्या रबराचा तुकडा. पहिल्या दिवशी तो चुकलाच. उंच माणसाला बरोबर बसला, पण बुटक्याला खांदे उचलून काम करावं लागलं. त्याच्या पायाखाली लाकडी पॅलेट टाकलं तेव्हा जमलं. आठवड्यानं तो म्हणाला, ‘आता मान वर राहतंय बघा, घरी जाऊन पोराला उचलायला येतंय.’ यात खुर्ची कुठंच आली नाही.

वजनाचंही तसंच. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं, नायॉशनं, १९९१ साली वजन उचलण्याचं सुधारित सूत्र बसवलं. त्यात सगळं मनासारखं असताना मर्यादा २३ किलो: वजन अंगाजवळ, साधारण ७५ सेंटीमीटर उंचीवर, अंगाला पीळ नाही. तेच वजन घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंटीमीटर लांब गेलं की मर्यादा निम्मी होते. जमिनीवरून उचललं की जवळजवळ पाव भाग कमी होते. दोन्ही एकत्र आले तर ९ किलोसुद्धा उरत नाही. आता आपलं सिमेंटचं ५० किलोचं पोतं डोळ्यांसमोर आणा, ट्रकच्या फाळक्यापासून हात लांबवून ओढलेलं. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म विद्यापीठातल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या मणक्याच्या चकतीत दाब मोजणारा सेन्सर घातला. माणूस एकच होता, पण आकडे बोलके आहेत. पाठ गोल करून २० किलो उचलले तर दाब नुसतं उभं राहण्याच्या साडेचार पट. तेच २० किलो छातीशी धरून उभं राहिलं तर दुपटीच्या थोडा वर.

त्याच प्रयोगात दिसलं की अंग ताणून ताठ बसण्यापेक्षा सैल बसल्यावर दाब कमी होता. तेव्हा ‘ताठ राहा’ हा सल्लाही तिथंच संपतो. एकाच ढबीत फार वेळ राहू नये, एवढं खरं. कंबरपट्ट्याचंही थोडक्यात: अमेरिकेत दुकानांत माल हलवणाऱ्या नऊ हजारांहून जास्त लोकांवर नायॉशनं अभ्यास केला, २००० साली तो छापून आला. पट्टा बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत पाठीच्या दुखापतीचा फरक दिसला नाही.

‘अंगाला सवय होते’ हे वाक्य अर्धं खरं आहे म्हणून जास्त घातक आहे. स्नायू तयार होतात. बोटांच्या रक्तवाहिन्या आणि कानाच्या आतले बारीक केस तयार होत नाहीत, ते फक्त झिजतात. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानातल्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या हत्यारांनी दगड फोडणारे कामगार तपासले. थंडीत त्यांची बोटं मेल्यासारखी पांढरी पडायची. डिसेंबरात सकाळच्या शिफ्टला बेळगावच्या गारठ्यात ग्राइंडर धरणाऱ्या जुन्या माणसाचा हात बघा. चहाचा ग्लास तो दोन्ही तळव्यांत धरतो, बोटांत नाही. बोटांना तो कळतच नाही. आणि वडगाव-खासबागेत पॉवरलूमच्या शेडला लागून ज्यांची घरं आहेत त्यांच्याकडं जाऊन बसा. घरातला म्हातारा विणकर टीव्हीचा आवाज केवढा ठेवतो ते ऐका. आम्ही म्हणतो, त्याला खडखडाटाची सवय झाली. सवय झालेली नाही, कान गेला. गेलेले केस परत उगवत नाहीत.

‘आराम दिला की माल घटतो.’ हे मालकांना मनापासून खरं वाटतं, म्हणून नीट बोलू. १९०० च्या सुमारास बेथलहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर यांनी फावड्याचा हिशेब मांडला. टेलर काही मजुरांचे कैवारी नव्हते, त्यांना माल हवा होता. त्यांना आढळलं की एका फावड्यात साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो भरलं तर दिवसाचं काम सगळ्यात जास्त निघतं. जास्त भरलं की माणूस दुपारी गळतो. म्हणून हलक्या मालाला मोठं फावडं आणि जड मालाला लहान, अशी वेगवेगळी फावडी आली. आमच्याकडं आजही रेती, कोळसा आणि भंगार एकाच फावड्यानं ओढतात. सुट्टीचंही मोजून झालंय. अमेरिकेच्या आयकर खात्यात डेटा एन्ट्री करणाऱ्यांना नेहमीच्या सुट्ट्यांशिवाय दिवसात पाच-पाच मिनिटांच्या चार जादा सुट्ट्या दिल्या. वीस मिनिटं कमी बसूनही कामात तूट आली नाही. डोळे, मान, खांदे यांचा त्रास मात्र कमी झाला. हा अभ्यासही २००० सालचाच.

आपल्या देशात तर १९४८ च्या कारखाने कायद्यातच, कलम ४४ मध्ये, लिहिलं गेलं की उभ्यानं काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बसायची सोय ठेवावी. दुकानांत काम करणाऱ्यांसाठी बसायचा हक्क केरळनं २०१८ मध्ये कायद्यात आणला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये. लग्नसराईत साडीच्या दुकानात दहा तास उभी राहणारी मुलगी रात्री बसस्टॉपवर कशी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी असते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

राहिलं टेन्शन. १९६७ पासून लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या सुमारे १८,००० पुरुष नोकरदारांवर नजर ठेवली गेली. सगळ्यांना वाटलं होतं, हृदयविकार साहेब लोकांना जास्त. निघालं उलटं: पायरी जितकी खालची, तितके मृत्यू जास्त. १९८५ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या मायकल मार्मट यांनी दुसरा अभ्यास सुरू केला, यात बायकाही होत्या. ज्यांना स्वतःच्या कामात काही ठरवता येत नाही त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यातून पुढं आलं. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि त्यावर आपलं काही चालत नाही, ही जोडी माणसाला खाते. हे कळायला मला लंडनला जायला नको. जॉबवर्क करणारा आमचा विणकर घ्या. सूत शेठचं, डिझाइन शेठचं, दर शेठचा, आणि वीज गेली की खोळंबा त्याचा. मालकाला टेन्शन असतं, मी नाकारत नाही. पण मालक निदान फोन तरी कुणाला करायचा ते ठरवतो.

घोड्याच्या उंचीचं वरती सांगितलं, तिथंही माझ्या मते हेच झालं. पॅलेट टाकायचं कुणी ठरवलं? त्या बुटक्या माणसानंच. तोवर त्याला कुणी विचारलं नव्हतं की तुझं काम किती उंचीवर असावं.

शेजारी धारवाडच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम चालतं. माझी आजी चिखलात होती तेव्हा हे तिच्यापर्यंत पोचलं असतं तर, असं वाटून जातं. आणि आज जे पोचू शकतं ते आपणच फॉरवर्ड करून खूळ ठरवतो, याचा मला राग येतो.

ज्या दोघांचा एमआरआय मी बघितला त्यांच्यापैकी एकाचं बेळगावजवळ मच्छेला लहान शेड आहे. त्याला मी काल फोन केला. म्हटलं, माणसाला सरळ उभा कर, कोपर काटकोनात धरायला सांग आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लाव. हाताच्या जोरानं करायच्या कामाला टेबल त्याच्या वीतभर खाली, बारीक बघायच्या कामाला थोडं वर. पाच माणसं असतील तर पाचही मापं लिहून घे, सरासरी काढू नकोस. तो म्हणाला, ‘तू ये की, रविवारी शेड बंद असतंय, माणसांना चहाला बोलावतो.’ टेप मी पिशवीत टाकला आहे, आणि घोड्याचं माप असलेली जुनी वहीही सापडली.