सदर विद्यार्थिनी आमच्याकडेच शिकते

पुण्यात कॉलेज सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, लोक विचारतील, काय शिकतेस, पुढे काय करणार. तसं कुणी विचारलं नाही. सगळे एकच विचारत होते, ‘बोनाफाईड आहे का?’ म्हणजे ही मुलगी आमच्याकडेच शिकते, असा कॉलेजचा दाखला. बसच्या पासाला बोनाफाईड, शिष्यवृत्तीला बोनाफाईड, बँकेत खातं उघडायचं तर बोनाफाईड. ज्या काकूंकडे मी कॉट बेसिसवर राहते, त्यांनाही एक प्रत हवी होती. ‘असू दे गं, हल्ली कोण कुठून येतं सांगता येत नाही.’ मी औशाच्या पलीकडून आलेय हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण लातूर जिल्ह्यातलं औसा काकूंना माहीत नव्हतं, त्यामुळे शंका फिटली नाही.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, कॉट बेसिस म्हणजे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली खाट मिळते. खाटेखालची जागा आपली, पंखा चौघींचा, आणि पंखा किती नंबरवर ठेवायचा तो निर्णय काकूंचा.

गावाकडे असली भानगड नव्हती. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत असतो. सर वर्गात यादी करायचे आणि पास हातात यायचा. तो दाखवायची वेळही क्वचित यायची, कारण कंडक्टरमामांना मी कुणाची, माझा भाऊ कितवीला, आमची म्हैस व्याली की नाही, सगळं ठाऊक. बारावी झाली आणि योजना संपली. पुढच्या शिक्षणाला एसटीच्या पासात ६६.६७ टक्के सवलत आहे खरी, पण लातूरची गाडी काही मला कॉलेजच्या फाटकात सोडणार नाही. इथे शहर बस, म्हणजे पीएमपीएमएल. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ साली एकत्र झाल्या आणि ती झाली. काकू मात्र अजून पीएमटीच म्हणतात. एकत्र करताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तर बोनाफाईड. आमच्या ऑफिसात खिडक्या आहेत आणि खिडक्यांवर नंबर आहेत. त्या नंबरांचा कामाशी संबंध नाही. तीन नंबरचं काम पाचवर होतं आणि पाच बंद असते. ही माहिती माहितीपुस्तिकेत नसते, शिपाईमामांकडे असते. मामा म्हणाले, ‘बोनाफाईडला आय-कार्ड लागतं.’ आय-कार्डच्या मॅडम म्हणाल्या, फीची पावती आण. फीवाले सर म्हणाले, शिष्यवृत्तीत बसत असशील तर फी कमी लागेल, आधी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, फॉर्म भर आणि अर्ज क्रमांक घेऊन ये. महाडीबीटीवर गेले. जोडायच्या कागदांची यादी वाचत खाली आले, तर तिथे बोनाफाईड.

वर्गात मी रोज बसत होते. पहिल्या बाकावर, हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणत. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, अशी नोटीस फळ्याशेजारी लावलेली आहे. म्हणजे मी नसले तर कॉलेजला लगेच कळतं. मी आहे, हे मात्र कळत नाही.

कागदांची कमतरता होती असं नाही. पप्पांनी निघताना एक फाइल दिली होती आणि तिच्यातला एकेक कागद लॅमिनेट केलेला होता. दहावी-बारावीची मार्कशीटं, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, इतकंच काय रेशन कार्डाची झेरॉक्ससुद्धा. ‘पाण्यात पडलं तरी काय होत नसतंय माय.’ पाण्यात काही पडलं नाही. पण मोबाइलवर फोटो काढायला गेलं की लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटते, आणि ती नेमकी आडनावावर. शेवटी खोलीतल्या तिघी जणी चादर धरून उभ्या राहिल्या आणि मी अंधुक उजेडात स्वतःचं उत्पन्न स्पष्ट करून घेतलं.

मग ओटीपी. आधारला नंबर पप्पांचा, आणि पप्पा शेतात. तिथे रेंज फक्त बांधावरच्या लिंबाखाली येते.

‘पप्पा, मेसेज आला का?’

‘आला की.’

‘नंबर सांगा पटकन.’

‘सांगता येत नाही.’

‘का?’

‘लिहिलंय की खाली. कुणालाच सांगू नका म्हणून.’

‘अहो पप्पा, मी आहे!’

‘आवाज तर तुझाच वाटायलाय. पण आजकाल आवाज बी काढायलेत म्हणं.’

मी आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. ते आधार कार्डावरून कुणालाही मिळेल, असं त्यांचं म्हणणं. बँकवाले शाळेत येऊन सायबर फसवणुकीवर तासभर बोलून गेले, तेव्हा पहिल्या रांगेत बसून ऐकणारे माझे पप्पाच होते. शेवटी त्यांनी स्वतःच प्रश्न काढला.

‘आपल्या म्हशीचं नाव सांग.’

‘कोणत्या? विकली ती, का आताची?’

यावर त्यांचं समाधान झालं. असा उलट प्रश्न चोर विचारणार नाही. त्यांनी आकडे एकेक करून, मध्ये थांबत, दोनदा वाचून दाखवले. तोवर ओटीपीची मुदत संपली होती.

रॅगिंगच्या हमीपत्राचंही तेच. यूजीसीच्या २००९च्या नियमांप्रमाणे ‘रॅगिंग करणार नाही’ असं विद्यार्थ्याने लिहून द्यायचं आणि पालकानेही द्यायचं. पप्पांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि गंभीर होऊन विचारलं, ‘तू कुणाला तरास द्यायलीस का तिथं?’ पाल दिसली की खाटेवर उभी राहणाऱ्या मुलीबद्दल त्यांनी हमी दिली.

खरी गंमत स्वयंसाक्षांकनाची. पूर्वी झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणायला लागायची म्हणे. २०१५ पासून राज्यात आपली आपण सही केली की चालते. म्हणजे माझी कागदपत्रं खरी आहेत हे मी म्हटलं की महाराष्ट्र शासन मान्य करतं, फक्त खिडकी नंबर पाच करत नाही. मग बोनाफाईडही मीच लिहून स्वयंसाक्षांकित करते, असं मी मामांना सुचवून पाहिलं. मामा हसले नाहीत.

या काळात माझी नोंद चोख ठेवणारी जागा एकच होती, ती म्हणजे मेस. आमटीत गूळ का घालतात हा माझा प्रश्न तिथे अजून अनुत्तरित आहे, पण वहीत माझं नाव पहिल्या दिवसापासून आहे, तेही बिनचूक. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. आणि भिंतीवर पाटी : ‘खाडे सलग तीन दिवसांचे असल्यास व आगाऊ कळवल्यासच धरले जातील. न कळवता खाडा केल्यास आपण जेवलात असे समजण्यात येईल.’ कॉलेजात बसून मी नव्हते, इथे नसताना जेवत होते.

गाठ सोडवली ती फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी. कॉलेजचा छापील फॉर्म कॉलेजात मिळत नाही, त्यांच्याकडे मिळतो, दोन रुपयांना. कोणत्या खिडकीला काळं पेन चालतं, कुणाला निळंच लागतं, सह्या कोणत्या वारी होतात, हे बॅक-टू-बॅक काढता काढता ते सांगतात. ते म्हणाले, ‘प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिही. फीचा पहिला हप्ता भर, प्रोव्हिजनल पावती देतील, ती जोड. वर “विषय” लिहायला विसरू नको, नाहीतर वाचत नाहीत.’ माहितीपुस्तिकेसाठी कॉलेजने वेगळे पैसे घेतले होते. काकांनी फॉर्मचे दोन आणि झेरॉक्सचे तीन घेतले.

आणि बोनाफाईड आलं! गोल शिक्का, हिरवी सही, जावक क्रमांक. ‘सदर विद्यार्थिनी या महाविद्यालयात प्रथम वर्षात शिकत असून तिची वर्तणूक चांगली आहे.’ तोवर वर्तणूक करायला मला सवडच मिळाली नव्हती, त्यामुळे तेही खरं होतं. काकूंना दुरूनच दाखवलं, त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पंखा एक नंबरने वाढवला. मी थेट पासच्या खिडकीवर गेले. त्यांनी बोनाफाईड ठेवून घेतलं आणि पास दिला.

दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीसाठी मामांकडे गेले. मामा म्हणाले, ‘ते फक्त बसपाससाठी होतं, खाली लिहिलेलं असतं. शिष्यवृत्तीला वेगळं लागतं. अर्ज कर, आणि आधी दिलेल्याची प्रत जोड.’

‘ते पासच्या खिडकीवर जमा झालं.’

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग वहीचं पान फाडून पुढे सरकवलं.

‘मग त्यांच्याकडून जमा असल्याचा दाखला आण. आणि लवकर ये, आज पाच उघडी आहे.’